चौथ्या टेबलावरचे मूल

एप्रिल महिन्यात जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेवरून जाताना व्हरांड्यात मांडलेली टेबले, ओळीने उभ्या असलेल्या आया आणि ठेवणीतले कपडे घालून आलेली पाच-सहा वर्षांची मुले दिसली, तर तो शाळापूर्व तयारीचा मेळावा आहे असे समजावे. महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' या नावाने हे अभियान २०२२ मध्ये सुरू झाले. त्याआधीची दोन वर्षे कोरोनामुळे अंगणवाड्या आणि शाळा बराच काळ बंद होत्या. पहिलीत दाखल होणाऱ्या कित्येक मुलांनी अंगणवाडी नीट पाहिलेलीही नव्हती. अशा मुलांची थोडी तयारी व्हावी, हा अभियानामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता.

मेळाव्यात सात टेबले असतात. पहिल्यावर नावनोंदणी होते. नंतर शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा विकास आणि गणनपूर्व तयारी अशी पाच टेबले ओलांडत मूल पुढे जाते. सातव्या टेबलावर आईला मार्गदर्शन मिळते. वाटेत मुलाकडून छोट्या छोट्या कृती करून घेतात आणि त्याला काय जमले, कुठे मदत लागेल याची नोंद विकासपत्रावर होते. पुढचे काही आठवडे माता-पालक गट घरी मुलांकडून कृती करून घेतात आणि जूनमध्ये दुसरा मेळावा भरतो.

या लेखात आम्ही मुख्यतः चौथ्या टेबलाविषयी बोलणार आहोत. आमचे काम प्रयोगशाळेतले. काटा शून्यावर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय वजन घ्यायचे नाही, एकाच वस्तूचे वजन तीनदा घ्यायचे आणि तीन आकडे जुळले नाहीत तर वस्तूला दोष न देता आधी काटा तपासायचा, ही तिथली शिस्त. त्याच नजरेने आम्ही या टेबलाकडे पाहिले आणि काही शंका मनात आल्या.

दोन मुले

एका गावातील मेळाव्यात आम्ही दिवसभर बसून होतो. चौथ्या टेबलाशी एक मुलगी आली. टेबलामागच्या ताई मायेने बोलत होत्या. "बाळ, तुझे नाव काय? घरी कोण कोण असते? तुला राग कधी येतो?" मुलगी खाली मान घालून फ्रॉकचे टोक पिळत राहिली. मागे रांग वाढत होती, लाउडस्पीकरवर गाणे चालू होते. दोन-तीन मिनिटे वाट पाहून ताईंनी विकासपत्रावर खूण केली. तिचा अर्थ होता की या मुलीला मदतीची गरज आहे.

तिच्या पाठोपाठ एक मुलगा आला. त्याने नाव, गाव, आईवडिलांची नावे, सगळे एका दमात सांगितले. "मी सर्वांशी मिळून-मिसळून वागतो" हे वाक्यही त्याने म्हणून दाखवले. त्याच्या आईने आदल्या रात्री तयारी करून घेतली होती, हे तिनेच हसत सांगितले. त्याच्या पत्रावर चांगली खूण झाली.

दुपारी खाऊ वाटताना तो मुलगा दुसऱ्याच्या हातातला पुडा ओढून घेत होता. मुलगी पिंपळाच्या पारावर तीन-चार लहानग्यांना घेऊन बसली होती आणि त्यांना आपल्या घरच्या बोलीत काहीतरी सांगत होती. त्या बोलीत ती अखंड बोलत होती. ताईंचे प्रश्न मात्र पुस्तकी मराठीत होते.

एवढ्यावरून मुलगी शहाणी आणि मुलगा दांडगट, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. तसे केले तर ताईंनी पाच मिनिटांत केली तीच चूक आम्ही एका दुपारच्या आधारे केल्यासारखे होईल. पाच वर्षांचे मूल सकाळी एक असते आणि दुपारी वेगळे असते. मग विकासपत्रावर नेमके काय नोंदवले गेले, हा आमचा प्रश्न आहे.

एका पायावरची उडी आणि 'मिसळणे'

डी. एड.ला शैक्षणिक मूल्यमापन शिकताना विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द सर्वांनीच पाठ केलेले असतात. पुन्हा पुन्हा मोजले तरी तेच उत्तर येणे म्हणजे विश्वसनीयता. जे मोजायचे म्हणतो तेच मोजले जाणे म्हणजे सप्रमाणता.

दुसऱ्या टेबलावर मूल एका पायावर उडी मारते, तेव्हा मोजायचे ते आणि दिसणारे यांत फार अंतर नसते. उडी दिसते, मोजायची तीही उडीच. चौथ्या टेबलावर मोजायचे असते ते मुलाचे इतरांशी जमवून घेणे, स्वतःच्या भावना ओळखणे, राग आवरणे, दुसऱ्याचे दुःख समजणे. दिसते ते मात्र अनोळखी माणसासमोर, गर्दीत, कदाचित परक्या भाषेत, दिलेल्या प्रश्नाला उत्तर देणे. या दोन गोष्टींत नाते असेलही, पण त्या एक नाहीत. मेळघाटात कोरकू बोलणारे, नंदुरबारकडे पावरी बोलणारे किंवा सहा महिने आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडावर राहिलेले मूल इथे गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्याचे कारण भावनिक विकासात शोधण्याआधी भाषेत आणि परिस्थितीत शोधायला हवे. अनोळखी माणसाशी बोलायचे नाही, मोठ्यांसमोर पुढे पुढे करायचे नाही, असे ज्या घरात शिकवतात तिथल्या मुलीचे गप्प बसणे हेच तिचे सामाजिक कौशल्य असू शकते.

एका गोड गोळीची गोष्ट

लहान मुलांच्या भावनिक क्षमता मोजण्याच्या इतिहासात एका प्रयोगाइतका गाजलेला प्रयोग क्वचितच असेल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर मिशेल यांनी तो सुरू केला. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर खाऊ ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एवढाच, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त, असे सांगून बाहेर जायचे आणि मूल किती वेळ थांबते ते पाहायचे. काही प्रयोगांत हा खाऊ मार्शमॅलो नावाची मऊ गोड गोळी असे, म्हणून प्रयोगाला तेच नाव पडले.

१९९० मध्ये मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांचा पुढचा मागोवा प्रसिद्ध केला. एका विशिष्ट प्रकारच्या मांडणीत जी मुले जास्त वेळ थांबली होती, त्यांना पुढे महाविद्यालय प्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण होते. मूळ प्रयोगांत ६५० हून अधिक मुले होती, पण परीक्षेचे गुण हाती आले ते शंभराहून कमी जणांचे, आणि ती मुले बहुतांशी विद्यापीठाच्या परिसरातील सुशिक्षित घरांतली. निष्कर्ष जपून घ्यावेत असे संशोधकांनी स्वतःच लिहिले होते. परंतु वर्तमानपत्रांतून आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतून ही सावधगिरी गळून गेली. चार वर्षांच्या मुलाचा संयम पाहिला की त्याचे आयुष्य कळते, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले.

पुढे दोन गोष्टी घडल्या. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. गोळीच्या प्रयोगाआधी मोठ्या माणसाने मुलांना चांगले रंग आणि स्टिकर आणून देण्याचे कबूल केले. एका गटाला ते खरोखर आणून दिले, दुसऱ्याला "संपले वाटते" असे सांगितले. मग गोळीचा प्रयोग झाला. शब्द पाळलेल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. शब्द मोडलेल्या गटातील मुले सरासरी ३ मिनिटे थांबली. पहिल्या गटातील १४ पैकी ९ मुलांनी पूर्ण १५ मिनिटे कळ काढली, दुसऱ्या गटातील फक्त एकाने. संयम मोजतो आहोत असे समजले तरी त्यात मोठ्या माणसावरचा विश्वासही मोजला जात होता. ज्या घरात कबूल केलेली वस्तू पैशाअभावी अनेकदा आणता येत नाही, तिथले मूल हाती आलेले लगेच खात असेल तर त्याचे वागणे त्याच्या अनुभवाला धरूनच आहे.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर जुना निष्कर्ष तपासला. यात कमी शिकलेल्या मातांची मुलेही मोठ्या संख्येने होती. थांबण्याचा पुढील गुणांशी संबंध आढळला, पण मूळ अभ्यासाच्या सुमारे निम्माच. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर त्यातलाही जवळजवळ दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला. मुलाचा गुण म्हणून जे नोंदवले जात होते, त्यातील बराच भाग त्याच्या घराचा आणि परिस्थितीचा होता.

मिशेल यांचा प्रयोग वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. नजर दुसरीकडे वळवून किंवा मनात काही कल्पना करून मुले मोहाला कशी तोंड देतात, हे शोधण्यासाठी तो रचला होता आणि त्यातून फार मोलाचे ज्ञान मिळाले. त्याचा वापर एकेका मुलाचे भविष्य सांगण्यासाठी व्हायला लागला, तिथे चूक झाली.

भाकीत किती खरे ठरते?

कोणी म्हणेल, एका प्रयोगावरून सगळ्या मापनाला नावे का ठेवता? म्हणून व्यापक अभ्यासांकडे वळू. कॅरन ला पारो आणि रॉबर्ट पियांटा यांनी २००० मध्ये असे ७० अभ्यास एकत्र तपासले. शाळेत येण्याच्या सुमारास केलेल्या बौद्धिक चाचण्यांवरून पुढील एक-दोन वर्षांतील अभ्यासाच्या प्रगतीतला सरासरी २५ टक्के फरक उलगडत होता. सामाजिक आणि वर्तनविषयक मापनांवरून पुढील सामाजिक वर्तनातला १० टक्के किंवा त्याहूनही कमी फरक उलगडत होता. म्हणजे मुलामुलांमध्ये पुढे जो फरक दिसतो, त्याच्या नऊ दशांशाचा पत्ता आधीच्या मापनात नव्हता. तो फरक मधल्या काळात, शाळेत आणि घरी, घडला असणार किंवा मापनातूनच निसटला असणार.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ मध्ये डेमन जोन्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतील गरीब वस्त्यांमधील ७०० हून अधिक मुलांना त्यांच्या बालवाडीच्या शिक्षकांनी सहकार्य, मदत करणे, भावना समजणे यांबद्दल दिलेले गुण आणि ती मुले पंचविशीला पोचल्यावरची स्थिती यांची तुलना केली होती. ज्यांना शिक्षकांनी चांगले गुण दिले होते, त्यांच्यात पदवी आणि नोकरी मिळवणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते, पोलिसांशी संबंध आलेल्यांचे कमी. तेव्हा ही कौशल्ये महत्त्वाची आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. इथे गुण देणारे रोजचे वर्गशिक्षक होते, मेळाव्यात पहिल्यांदा भेटलेले कोणी नव्हे, हे ध्यानात घ्यावे. आणि निष्कर्ष शेकडो मुलांच्या सरासरीचा आहे. सरासरीत दिसणारा कल एका मुलाच्या कपाळावर लिहिता येत नाही.

हे का, ते एका हिशेबाने समजेल. समजा, १०० मुलांपैकी १० जणांना खरोखर जास्त मदतीची गरज आहे. आपली पडताळासूची बरीच चांगली आहे, दर दहांत आठ वेळा ती बरोबर सांगते, असे धरू. मग गरज असलेल्या १० पैकी ८ मुले ती पकडेल, २ सुटतील. उरलेल्या ९० मुलांपैकी १८ जणांवर ती विनाकारण खूण करेल. एकूण खुणा झाल्या २६, त्यांतल्या खऱ्या ८. म्हणजे 'मदतीची गरज' अशी खूण असलेल्या दर तीन मुलांतील दोघांवर ती चुकीची आहे. पाच मिनिटांच्या टेबलाला एवढी अचूकता लाभेल हे समजणेही औदार्याचेच आहे. वर्गातल्या मुलांना हा हिशेब घालून पाहावा. नववी-दहावीच्या मुलांना तो सहज समजतो.

यावर असे उत्तर येईल की चुकीची खूण झाली तरी बिघडले काय? मदत थोडी जास्तच मिळेल. मदत मिळत असेल तर खरेच काही बिघडत नाही. पण खूण मुलाच्या पत्रावर असते, पत्र आईच्या हातात असते, आणि गावात त्याचा अर्थ 'मठ्ठ' किंवा 'मुखदुर्बळ' असा लागायला वेळ लागत नाही. जूनमध्ये पहिलीच्या बाईंच्या मनात ते मूल येण्याआधी ती खूण येते. बाई त्याला कमी प्रश्न विचारतात, मूल कमी बोलते आणि खूण खरी ठरते.

मोजूच नये काय?

मोजावे, पण कशासाठी मोजतो ते आधी ठरवावे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ऑफर्ड केंद्रात डॅन ऑफर्ड आणि मॅग्डालेना जेनस यांनी १९९० च्या दशकात एक साधन तयार केले. त्यात शंभराहून अधिक विधाने आहेत. शारीरिक आरोग्य, सामाजिक क्षमता, भावनिक परिपक्वता, भाषा व विचार, संवाद व सामान्यज्ञान अशी त्यांची पाच क्षेत्रे आहेत. मुलाला टेबलापुढे उभे करावे लागत नाही. काही महिने त्याला वर्गात पाहिलेले शिक्षक विधाने भरतात. आणि मुख्य म्हणजे उत्तरे एकेका मुलाची म्हणून जाहीर होत नाहीत. वस्ती, शहर, प्रांत अशा गटांची म्हणून होतात.

ऑस्ट्रेलियाने हेच साधन स्वतःला जुळवून घेऊन २००९ पासून दर तीन वर्षांनी देशभर वापरले आहे. शाळेच्या पहिल्या वर्षातील सुमारे तीन लाख मुलांची माहिती त्यात गोळा होते. २०२१ मध्ये सुमारे २२ टक्के मुले पाचांपैकी किमान एका क्षेत्रात मागे असल्याचे आढळले. या आकड्यातून कोणाही मुलावर खूण होत नाही. कोणत्या वस्तीत बालवाडी हवी, कुठे आरोग्यसेवा आणि पालकांना आधार हवा, हे मात्र कळते. चुका एकेका मुलाच्या वाट्याला न येता मोठ्या संख्येत बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात. अर्थात शिक्षक सगळेच सारख्या नजरेने पाहत नाहीत, हा दोष तिथेही उरतोच.

आपल्याकडे विकासपत्राच्या बाबतीत हा विचार व्हावा असे आम्हाला वाटते. एका केंद्रातल्या चौथ्या टेबलाच्या नोंदी एकत्र केल्या आणि एखाद्या पाड्यावरची निम्मी मुले गप्प राहिली असे दिसले, तर तिथे त्यांची बोली जाणणारी व्यक्ती नेमायला हवी, एवढे तरी नक्की समजेल. अभियानातल्या तीन गोष्टी मात्र जपाव्यात: मातांना दिलेले स्थान, खेळातून होणारी तयारी आणि दोन मेळाव्यांमुळे मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच करण्याची सोय.

एकेका मुलासाठी शिक्षकांजवळ याहून चांगले आणि जुने साधन आहे. ते म्हणजे प्रासंगिक नोंद. पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक मुलाबद्दल तीन-चार वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी पाहून, दोन ओळी लिहाव्यात. एकदा खेळाच्या मैदानावर, एकदा पोषण आहाराच्या पंगतीत, एकदा वर्गातल्या गटात. काय घडले ते लिहावे, मूल कसे आहे ते लिहू नये. 'भांडखोर आहे' असे न लिहिता 'पाटी ओढली म्हणून शेजाऱ्याला ढकलले, नंतर स्वतःची खडू त्याला दिली' असे लिहावे. अंगणवाडी ताई त्या मुलाला दोन-तीन वर्षे ओळखतात, त्यांना विचारावे. आणि प्रत्येक नोंदीखाली 'मी काय करणार' ही एक ओळ असावी. ज्या नोंदीतून शिक्षकाचे पुढचे काम निघत नाही, ती नोंद मुलाला ओझे होते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा वर्णनात्मक नोंदींच्या छापील पुस्तिका बाजारात मिळू लागल्या आणि त्यांतली वाक्ये साऱ्या वर्गाच्या नावापुढे उतरली, हे आपण पाहिलेच आहे. चौथ्या टेबलाचेही तसेच होऊ नये.

एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी. शाळेत प्रवेश देण्यासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ ने मनाई केली आहे. पहिल्या वेळी २५ हजार, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही शहरांतून बालवर्गाच्या प्रवेशाआधी 'सहज भेट' म्हणून मुलाला बोलावतात आणि ते रडले, बोलले नाही, आईचा पदर सोडेना, की 'अजून तयार नाही' असे सांगतात. तीन वर्षांच्या मुलाने अनोळखी खोलीत आईचा पदर धरणे ही अगदी निरोगी गोष्ट आहे.

तयारी कोणाची, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल तयार आहे का, हे विचारण्याऐवजी त्यांनी शाळेची जागा, वेळ आणि भाषा बदलून पाहिली. आज आपल्याकडे विकासपत्रे आहेत, छापील साहित्य आहे, प्रशिक्षणे आहेत. त्यात आम्ही एका कोऱ्या रकान्याची भर सुचवतो. मुलाच्या नोंदीशेजारी शाळेचीही नोंद असावी: या मुलाच्या बोलीतले चार शब्द मला येतात का, त्याला बसायला ठरलेली जागा आहे का, पहिल्या आठवड्यात त्याच्याशी कोण बोलले?

येत्या जूनमध्ये ज्या शिक्षकांना शक्य असेल त्यांनी चौथ्या टेबलावर 'मदत हवी' अशी खूण झालेल्या पाच मुलांकडे ऑगस्टअखेर पुन्हा पाहावे आणि मैदानावर, पंगतीत, वर्गात काय दिसले ते लिहून पाठवावे. किती खुणा टिकल्या आणि किती पुसाव्या लागल्या, हे आपल्याच शाळांतून कळलेले बरे.